अकरा त्र्याण्णव

अण्णांचं घड्याळ आज लातूरच्या गंजगोलाईत उघडून बघितलं आणि तेव्हापासून कशातच लक्ष नाही.

एचएमटी जनता, चावीचं, १७ ज्वेल, म्हणजे आत बसवलेले बारीक खडे. मशीनवर ०२३१ नंबर आहे, म्हणजे मशीन अस्सल, जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ ला बेंगळुरूत एचएमटीचा कारखाना सुरू झाला त्याच घराण्यातलं. डायल मात्र रंगवलेला निघाला. घड्याळवाल्या चाचांनी भिंग हातात दिलं, म्हणले बघा ताई, कंपनीची छपाई बारीक असती, इथं ‘जनता’ मधल्या ज चं पोट रंगानं भरलंय. खरंच भरलंय.

त्याचं काही नाही वाटलं. पण मागच्या झाकणाच्या आत, टोकदार कशानं तरी ओरखडून ११-९३ लिहिलेलं. दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर कारागीर अशी खूण करतात म्हणे.

३० सप्टेंबर ९३, पहाटे ३:५६. घड्याळ किल्लारीच्या भूकंपातबी थांबलं नाही हे अण्णांनी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं, मनगट पुढं करून. आम्हीबी सांगत आलो. आणि नोव्हेंबरात ते कुठंतरी दुरुस्तीला पडलं होतं, अण्णांनी कुणाला कळू दिलं नाही. मला तरी सांगायचं. शेवटची दोन वर्षं त्यांच्या उशाशी मीच होते, रोज चावी मीच द्यायचे, आणि एवढी एक गोष्ट माझ्याजवळ बोलावीशी वाटली नाही, याचं दुपारभर इतकं वाईट वाटत राहिलं की जेवणच गेलं नाही. मग आत्याचं आठवलं. तिच्या घराचं. ते राहू दे.

त्या दोन महिन्यांत घरात धड असं काय राहिलं होतं? आई पत्र्याच्या शेडमध्ये, आजी बोलायची बंद झालेली. तेव्हा अण्णांनी मनगट पुढं करून हे चालूए म्हणायचं ठरवलं असेल तर म्हणू दे की. मी त्यांच्या जागी असते तर मीबी तेच म्हणाले असते.

चाचा म्हणले नवा डायल टाकू का, नवं दिसंल. नको म्हणलं. मशीन उघडून धुवा, तेल वाळलंय ते नव्यानं द्या, काच तडकलीय ती बदला, केसला पॉलिश करू नका. आणि तुमची खूण ११-९३ च्या शेजारीच करा, खोडू नका काही.

दादाला अजून सांगितलं नाही. सोमवारी घड्याळ मिळालं की सांगते.