नेट गेलं, तरी प्रिंट आली

गेल्या जुलैतली गोष्ट. ठाण्यात वर्तकनगरला आमची सोसायटी, बाहेर रस्त्याचं खोदकाम चाललं होतं आणि दुपारी अडीचच्या सुमाराला नेट गेलं. आमच्याकडे बहुतेकांचं कनेक्शन एकाच ऑपरेटरचं, त्यामुळे जवळपास सगळ्यांचंच गेलं. माझं ऑफिस महापेला, काम नेटवर्किंगचं, त्या दिवशी मी नेमकी घरून काम करत होते आणि वायफायचं काहीही झालं की सोसायटीत आधी माझ्याच दाराची बेल वाजते. सेक्रेटरी काका आले. एजीएमच्या नोटिसा छापायच्या होत्या, नेट नाही म्हणून ते तासभर थांबले होते आणि तेवढ्यात सोसायटीच्या ऑफिसातल्या मुलाने सवयीने प्रिंटचं बटण दाबलं तर सगळ्या कॉप्या धडाधड बाहेर आल्या.

"अगं, नेट गेलंय ना? मग प्रिंट कशी आली?"

मला हा प्रश्न इतका आवडला की मी लॅपटॉप बंद करून त्यांच्याबरोबर खाली गेले. कॉम्प्युटर नेटवर्क म्हणजे काय हे समजवायला याच्याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचलं नसतं.

बघा, सोसायटीच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा म्हणजे डीव्हीआर आणि हे सगळं जोडणारा एक छोटा स्विच. हेच नेटवर्क. दोन यंत्रं एकमेकांशी ठरलेल्या नियमांनी बोलायला लागली की झालं नेटवर्क, त्याला इंटरनेट लागतच नाही. कॉम्प्युटरने प्रिंटरला नोटीस पाठवली ती टेबलामागच्या वायरीतून स्विचपर्यंत गेली आणि तिथून प्रिंटरमध्ये, गेटच्या बाहेर ती गेलीच नाही, मग रस्त्यावर कोणी काहीही तोडो. वॉचमनच्या केबिनमधल्या स्क्रीनवर कॅमेरे दिसत होते पण काकांच्या मोबाईलवर दिसत नव्हते, त्याचंही कारण हेच, केबिन आमच्या वायरीवर आहे आणि मोबाईलवरचं चित्र बाहेर फिरून येतं.

याला लॅन म्हणतात, लोकल एरिया नेटवर्क. पुस्तकात प्रकार अंतरावरून शिकवतात, एका खोलीत किंवा इमारतीत असेल तर लॅन, शहरभर असेल तर मॅन, त्यापलीकडे वॅन. चूक नाही, पण इतकी वर्षं हे काम केल्यावर मला वाटतं खरा फरक मालकीचा आहे. वायर कोणाची? लॅनची वायर आपली, बिघडली तर आपणच दुरुस्त करायची. तिथून पुढची वायर दुसऱ्याची, तिथे आपण फक्त फोन करू शकतो. नेट गेल्यावर आधी हे ओळखता आलं तर अर्धा त्रास वाचतो.

अंतराला अर्थ नाही असंही नाही हं. आमची केबिन बी विंगच्या मागे आहे, तिथे केबल टाकताना कोणीतरी सरळ सव्वाशे मीटरची एकच लांब वायर ओढली होती आणि कॅमेरे सारखे बंद पडायचे. ऑफिसात वापरतो त्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. मध्ये एक स्विच टाकला, तेव्हापासून तक्रार नाही.

आता गेटबाहेर. लॅनला बाहेरच्या जगाशी जोडतो तो राऊटर, आणि राऊटरबद्दल एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. आपल्या घरातल्या यंत्रांना जे आयपी ॲड्रेस असतात, १९२.१६८ ने सुरू होणारे, तेच्या तेच नंबर शेजारच्या घरातही असतात आणि पनवेलच्या कुठल्यातरी घरातही. जसं प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक ३०४ नंबरचा फ्लॅट असतो. बिल्डिंगच्या आत "३०४" म्हटलं की पुरतं, बाहेरच्या पोस्टमनला पुरत नाही. म्हणून राऊटर आपला बाहेरचा पत्ता लावून माल पाठवतो आणि उत्तर आलं की आत कोणी मागवलं होतं ते बघून त्याच्याकडे देतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगात मिळून साधारण ४२९ कोटीच आहेत, ही युक्ती नसती तर ते एवढ्या यंत्रांना पुरलेच नसते.

आणि जातो तो माल एकसंध जात नाही, त्याचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट साधारण १५०० बाइटचं, म्हणजे तुम्ही ३ एमबीचा फोटो पाठवलात तर जवळपास २००० पॅकेट निघाली. काकांनी विचारलं, एवढे तुकडे का, एकदम नाही का पाठवता येत? ठाण्याहून ऐरोलीला जायचं तर कळवा-विटाव्यावरून जाता येतं किंवा मुलुंडकडून ऐरोली पुलावरून. विटाव्याला पुलाखाली पाणी भरलं की लोक मुलुंडकडे वळतात, निघालेल्या सगळ्या गाड्या काही वाया जात नाहीत. तसंच तुकड्यांचं, वाटेतला प्रत्येक राऊटर त्या क्षणी बरी वाट बघून पुढे ढकलतो, एखादा तुकडा हरवला तर तेवढाच परत मागवायचा, आणि एकाच वायरीवरून हजार जणांचा माल एकमेकांत मिसळून जाऊ शकतो. २९ ऑक्टोबर १९६९ ला अमेरिकेत आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेला पहिला निरोप गेला तो याच पद्धतीने. 'लॉगिन' टाइप करायचं होतं, पहिली दोनच अक्षरं पोचली आणि सिस्टिम बंद पडली! आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीकडून.

परत आमच्या बिल्डिंगकडे. ऑपरेटरची फायबर, म्हणजे उजेडावर माल वाहणारी काचेची तार, शहरभर फिरते, ते झालं मॅन. अशी मुख्य लाइन बऱ्याचदा रिंगमध्ये टाकतात, एका बाजूने तुटली तरी उलट्या बाजूने माल फिरवता येतो. पण रिंगपासून आमच्या बिल्डिंगपर्यंत एकच फांदी येते, आणि खोदताना तुटली ती नेमकी ती फांदी. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा लाल लाइट लागला होता, म्हणजे उजेडच पोचत नाहीये. असा लाल लाइट दिसला की राऊटर दहा वेळा बंद-चालू करून काही उपयोग नसतो, ऑपरेटरलाच फोन करायचा.

त्याच्यापुढे वॅन, आणि ते आपल्या दारातच आहे हे फार जणांच्या लक्षात येत नाही. ठाण्याहून वाशीची लोकल पकडा, ऐरोली-रबाळे भागात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल वर येतात आणि त्यांच्यापासून हा पट्टा जवळ. लोक सॅटेलाइट समजतात पण परदेशी जाणारा जवळजवळ सगळा डेटा या केबलमधूनच जातो. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं नेट मंदावलं होतं. एवढ्या लांबची वायर आणि फटका इथे.

ब्लूटूथचा इअरफोन आणि फोन यांचं पण नेटवर्कच असतं, पॅन म्हणतात त्याला, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही.

जाता जाता काकांना एक गोष्ट करून दाखवली, तुम्हीही करा. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग (ping, म्हणजे समोरच्या यंत्राला 'आहेस का?' असं विचारणं) लिहायचं आणि पुढे राऊटरचा पत्ता, बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो. उत्तर आलं म्हणजे घरातलं ठीक. मग पिंग ८.८.८.८, हा गुगलचा सर्व्हर. इथे उत्तर नाही तर बिघाड बाहेर. दोन्हीकडून उत्तर येतंय पण एकही साइट उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस अडलाय, तो बदलून बघायचा. त्या दिवशी आमच्याकडे पहिल्याला लगेच उत्तर आलं आणि दुसऱ्याला नुसतं रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

रात्री साडेनऊला दोन मुलं आली. भर पावसात एकाने छत्री धरली आणि दुसरा खाली बसून फायबर जोडत होता. त्या काचेचा उजेड वाहणारा गाभा ९ मायक्रॉनचा असतो, केसापेक्षा कितीतरी बारीक, त्याची दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरून वितळवून चिकटवतात. काका टॉर्च घेऊन शेवटपर्यंत तिथेच उभे होते. लाल लाइट गेल्यावर त्यांनी आधी मोबाईलवर कॅमेरे उघडून बघितले, आणि मग त्या दोघांना चहा प्यायला ऑफिसात घेऊन गेले.