स्कोलिओसिस: एक्स-रे उभ्यानेच काढून घ्या

मुलांना स्कोलिओसिस (कणा बाजूला वाकणं) सांगितला असेल तर पहिली गोष्ट: एक्स-रे उभ्यानेच काढून घ्या, मानेपासून माकडहाडापर्यंत अख्खा कणा एकाच फिल्मवर. आमचे कित्येक आठवडे इथेच वाया गेले. अजून आठवलं तरी डोकं तापतं.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्पष्ट ‘उभ्याने’ लिहिलं होतं. तरी फोंड्याच्या त्या सेंटरमध्ये लेकीला टेबलावर आडवं केलं. छातीचा एक तुकडा, कमरेचा दुसरा. रिपोर्टात फक्त ‘सौम्य बाक’, कोनाचा पत्ताच नाही. परत गेले तर खिडकीतला माणूस म्हणतो, "बाई, कणा तोच, झोपून काय नि उभं राहून काय!" फरक पडतो हो! आडवं झालं की अंगाचा भार कण्यावरून उतरतो आणि बाक कमी दिसतो. कॉब कोन, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, १० अंश किंवा जास्त असेल तरच स्कोलिओसिस म्हणतात, आणि वाढत्या वयात साधारण २५ ते ४० अंशांना ब्रेस (धडाभोवती घालायचं कडक कवच) देतात. आकड्याशिवाय पुढे जायचं कसं? मोठी फिल्म मागितली तर "सोमवारी या". सोमवारी टेक्निशियन रजेवर. पैसे पुन्हा भरा म्हणाले ते वेगळंच. शेवटी पणजीला दुसरीकडे काढला. कोन आला २८.

पुढे डॉक्टर, ब्रेसचं माप, सगळं भराभर झालं.

खरं कळलं ते फिजिओथेरपिस्टबाईंकडे. त्यांनी लेकीला पुढे वाकवलं आणि उजवीकडच्या बरगड्या टरारून वर आल्या. कणा नुसता बाजूला झुकत नाही, मणके स्वतःभोवती वळतात आणि बरगड्यांनाही सोबत फिरवतात. म्हणून "ताठ बस गं" म्हणून काही होत नाही, मीही ते म्हणणं सोडलं. बाईंनी डावीकडच्या खोलगट भागावर तळवा ठेवला, "श्वास इथे भर, माझा हात ढकल." हळूहळू हात हलला! ही श्रॉथ पद्धत, जर्मनीतल्या काथारिना श्रॉथ यांची.

हो, एक्स-रे पाठीकडून काढायला सांगा, मुलींच्या छातीला किरण कमी लागतात. जुन्या फिल्म जपा. मोजण्यातच पाचेक अंशांचा फरक पडू शकतो, तेव्हा एवढ्यातेवढ्याने घाबरू नका. आणि ब्रेसखालचे बिनशिवणीचे सुती बनियन जास्तीचे घ्या, पावसाळ्यात इथे वाळता वाळत नाहीत.