माउंट मोरनची काळी भिंत आणि आपला जांभा

मंडळी, टेटनच्या डोंगरांचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न, की त्या डोंगराच्या मधोमध उभी काळी पट्टी कसली, पाणी झिरपून शेवाळ धरलंय का. काकूने तर फोटो झूम करून गोल करून पाठवला. तर ते शेवाळ नाही, तो दगडच आहे, आणि त्याच्यावर एवढं लिहायला बसलोय कारण त्याच जातीच्या काळ्या भिंती आपल्या मुरूडकडच्या किनाऱ्यावर आहेत आणि आपण त्यांच्यावर बसून कालवं फोडत लहानाचे मोठे झालो.

आधी तिकडचं सांगतो. मी राहतो त्या सॉल्ट लेक सिटीहून गाडीने साधारण पाच तासांवर वायोमिंगमध्ये ग्रँड टेटन नॅशनल पार्क आहे. त्यातला माउंट मोरन १२,६०५ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त, आणि जॅक्सन लेकच्या काठावर उभं राहिलं की तो पाण्यापलीकडे एकदम समोर येतो. डोंगराचा मुख्य दगड करडा, पट्ट्यापट्ट्यांचा, नाइस म्हणतात त्याला, वय जवळजवळ २७० कोटी वर्षं. आणि त्या करड्या दगडाला चिरत माथ्यापासून खाली ग्लेशियरपर्यंत गेलेली ती काळी पट्टी, वरच्या बाजूला साधारण १५० फूट रुंद. ही झाली डाइक. डोंगरामागे पश्चिमेला ती सात मैलांहून जास्त लांब माग काढता येईल इतकी पसरलीय, म्हणजे आपल्याला दिसते ती फक्त तिची कड.

झालं असं की सुमारे ७७.५ कोटी वर्षांपूर्वी तिथली जमीन ताणली जात होती. तेव्हाचा एक प्रचंड मोठा खंड तुटायला लागला होता, ताणाने खोलवर उभ्या भेगा पडल्या, खालून वितळलेला खडक त्या भेगांत घुसला आणि वर न पोचता तिथेच थिजला. लाव्हा बाहेर पडून थंड झाला की बेसॉल्ट होतो, हाच माल जमिनीखाली भेगेत सावकाश थंड झाला की त्याचे कण जरा मोठे होतात आणि त्याला डायबेस म्हणतात. दोघांतही लोह भरपूर, पायरॉक्सिन नावाच्या खनिजात आहे, चुंबकाला ओढणाऱ्या मॅग्नेटाइट या खनिजात आहे, म्हणून रंग काळा.

ली लेकच्या काठाने चालताना त्या बाजूचे धोंडे पायाशीच पडलेले असतात. एक काळा धोंडा उचलून पाहिला, करड्या दगडांच्या मानाने हाताला स्पष्ट जड. बाहेरून तांबूस तपकिरी गंज चढलेला, पण एका बाजूने ताजा फुटला होता तिथे आत हिरवट काळा, आणि त्यात पांढुरके बारीक सुईसारखे कण चमकत होते, ते फेल्डस्पार नावाचं खनिज. दोऱ्याला बांधलेला छोटा मॅग्नेट जवळ नेला तर तो हळूच दगडाकडे कलला!! मला तिथे आपली पुळण आठवली, लाट मागे गेली की वाळूवर काळ्या रेघा उरतात त्यातून मॅग्नेट फिरवायचा आणि त्याला दाढी फुटायची, तेही मॅग्नेटाइटच. (धोंडा जागेवर ठेवला, नॅशनल पार्कमधून दगड न्यायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.)

मोरनवर ही डाइक करड्या दगडातून पुढे आलेली दिसते, खरोखर भिंतीसारखी, कारण तिथे आजूबाजूचा नाइस तिच्यापेक्षा लवकर झिजतो. पण त्याच रांगेत दक्षिणेला मिडल टेटन आहे, तिथेही काळी डाइक आहे, २० ते ४० फुटांची, आणि ती मात्र आत गेलीय, घळच झालीय तिची. दगड तोच, फक्त तिथला शेजारी जास्त टणक.

आणि आता मला सगळ्यात आवडलेला भाग. मोरनच्या अगदी माथ्यावर वाळूच्या दगडाची छोटी टोपी उरलीय, जाडी साधारण ५० फूट, वय ५१ कोटी वर्षांच्या आसपास. डाइक त्या वाळूच्या दगडात शिरत नाही, त्याच्या खालीच कापल्यासारखी संपते. म्हणजे आधी डाइक खोल जमिनीत तयार झाली, मग वरचा सगळा डोंगर झिजून गेला, डाइक उघडी पडून सपाट झाली, मग समुद्र आला आणि त्याने किनाऱ्याची वाळू तिच्यावर पसरली. बारा हजार फुटांवर पुळण! ती वर नेली टेटन फॉल्टने, म्हणजे जिच्या एका बाजूची जमीन वर आणि दुसरी खाली सरकते अशा मोठ्या भेगेने, गेल्या एक कोटी वर्षांच्या आतबाहेर, आणि त्याच वाळूचा जोडीदार थर समोरच्या दरीखाली हजारो फूट गाडला गेलाय.

आता घरी या. आपल्या डाइक साधारण साडेसहा कोटी वर्षांच्या, सह्याद्रीचे लाव्हाचे थर पडत होते त्या सुमाराच्या आणि त्याच्या जरा नंतरच्या. मुंबईपासून मुरूडपर्यंत त्या किनाऱ्याला धरून उत्तर-दक्षिण जातात, आणि ते उगाच नाही, भारत आणि सेशेल्सचा (हिंदी महासागरातली बेटं) तुकडा एकमेकांपासून दूर जाताना जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेली, भेगा तिला आडव्या पडल्या. आपला समुद्रही त्याच फाटण्यातून आला. मोरनची भिंत ज्या कारणाने झाली त्याच कारणाने आपली झाली, हे कळल्यावर मला त्या परक्या डोंगराबद्दल फार आपुलकी वाटली.

फरक आहे तो पुढच्या हालअपेष्टांचा. तिकडे थंडी, भेगेत पाणी गोठतं आणि दगडाचे तुकडे पाडतं, लोह मात्र आतच राहतं, गंज फक्त कातडीपुरता. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर उकाडा, त्यात लाखो वर्षांत काळ्या दगडातला चुना, सोडा, सिलिका धुऊन गेली आणि मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम, तोच आपला जांभा. रत्नागिरीकडचे सडे, म्हणजे ती उघडी खडकाळ पठारं, असेच झालेत. मामाच्या घराचा जांभ्याचा चिरा खाणीतून काढला तेव्हा कुऱ्हाडीने तासता येत होता आणि हवा लागून नंतर टणक झाला, ते त्याच गंजलेल्या लोहामुळे. (सिंधुदुर्गातल्या रेडीच्या खाणीतलं लोखंड वेगळं, तो खडक याहून कितीतरी जुना.)

कोणी मुरूड, नांदगाव, काशीदकडे असाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खडकात जा, सरळ रेषेत समुद्राकडे किंवा किनाऱ्याला धरून जाणारी काळी भिंत शोधा. तिच्या कडेला दगड अगदी बारीक कणांचा असेल कारण तो थंड खडकाला टेकून पटकन थिजला, मध्यावर कण मोठे. भेगा भिंतीला आडव्या असतील, कारण दगड दोन्ही कडांकडून आत थंड होत गेला. फोटो काढताना बाजूला चप्पल किंवा पेन ठेवा म्हणजे रुंदी कळेल, आणि भरतीची वेळ बघून जा. फोडू मात्र नका, फोटो मला पाठवा, मी मोरनच्या फोटोशेजारी लावून पुढच्या पोस्टमध्ये टाकतो.