पिएतासमोर आबा

युरोपच्या सहलींवर टूर मॅनेजर म्हणून काम करताना रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात मी कितीतरी गट नेले आहेत. आत शिरताच उजव्या हाताच्या पहिल्या चॅपेलमध्ये काचेमागे मायकेलअँजेलोची ‘पिएता’ आहे, म्हणजे मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या त्याच्या आईची, मेरीची संगमरवरी मूर्ती, आणि स्थानिक गाइडचे बोलणे संपले की हेडसेटवरून मराठीत मी मुख्यतः हातोड्याचीच हकीकत सांगत असे: २१ मे १९७२ रोजी एका माथेफिरूने हातोड्याने घाव घालून मेरीचा डावा हात कोपरापासून तोडला, नाक आणि पापणीही फोडली, आणि त्यानंतर ही जाड काच आली. लोक हळहळत, फोटो काढत आणि आम्ही पुढे सरकत असू.

२०१९ च्या मे महिन्यातल्या गटात साताऱ्याकडचे एक सत्तरीचे गृहस्थ मुला-सुनेबरोबर आले होते. त्यांना सगळेच आबा म्हणत. काळ्या दगडात नंदी आणि देवळांचे खांब घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. माझी हकीकत संपून गट हलला तरी ते काचेसमोरून हलेनात, म्हणून मी गटाला गाइडबरोबर पुढे पाठवले आणि त्यांच्याजवळ परत आले.

“ताई, ही बाई उभी राहिली तर लेकापेक्षा हातभर उंच भरेल बघा,” ते म्हणाले.

मी इतकी वर्षे पाहत होते, पण हे माझ्या कधीच लक्षात आले नव्हते. बसलेल्या स्थितीतच ही मूर्ती १७४ सेंटीमीटर भरते. पुरा वाढलेला पुरुष खऱ्या मापाच्या बाईच्या मांडीवर ठेवला असता तर त्याचे डोके आणि पाय दोन्हीकडे लोंबले असते. म्हणून घडवणाऱ्याने तिची मांडी वस्त्राच्या चुण्यांखाली पसरवली आणि चेहरा मात्र लहान, कोवळा ठेवला, असे आबांनी हवेत बोटाने रेषा काढत मला समजावले. १४९८ मध्ये एका फ्रेंच कार्डिनलच्या थडग्यासाठी या कामाचा करार झाला तेव्हा मायकेलअँजेलो २३ वर्षांचा होता, हे मी सांगितले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. आपला काळा दगड टाकीला सहज दाद देत नाही, हा मऊ आहे, पण मऊ दगडात इतक्या खोल चुण्या काढताना कड कधी निसटेल याचा नेम नसतो, असे ते म्हणाले.

मग त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि मेरीचा उजवा हात मोठा करून पाहिला. तो हात ख्रिस्ताच्या काखेखाली आहे, मध्ये वस्त्र आहे, आणि तिच्या बोटांच्या दाबाने त्याच्या अंगाचे मांस किंचित वर उचलले गेले आहे. आबा बराच वेळ बोलले नाहीत. “मेलेल्या माणसाला काखेत हात घालून उचललं की असंच होतं,” ते शेवटी म्हणाले. “मी उचललंय.” कोणाला, ते मी विचारले नाही.

निघताना त्यांनी विचारले, “तुटला तो हात कुठला?” मी डावे कोपर दाखवले. त्यांनी पुन्हा मोबाइलवर ते मोठे करून अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिले. सांधा त्यांना सापडला नाही. “जोडणाऱ्याचं नाव काय?”

ते नाव माझ्या हकीकतीत कधीच नव्हते. हातोड्याची तारीख मला पाठ होती, जोडणाऱ्यांकडे मात्र मी कधी वळलेच नव्हते. संध्याकाळी बसमध्ये मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सांगितले की व्हॅटिकन संग्रहालयांचे देओक्लेसिओ रेदिग दे काम्पोस यांच्या देखरेखीखाली तिथल्या कारागिरांनी तुकडे वेचून, संगमरवराची पूड वापरून ते सांधले. आबांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि ते लांबलचक नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेत एकेक अक्षर लिहून घेतले.