पेटी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आम्ही दोघं सतरा दिवस मोटरहोममध्ये राहून आलो. काय काय पाहिलं, असं कुणी विचारलं की मी टेकापो तळ्यापासून सुरुवात करते. नवरा पेटीपासून करतो. आमच्या भिशीतल्या एका बाईंना बराच वेळ वाटत होतं की हा तिकडे जाऊन हार्मोनियम शिकला.

तर ही पेटी संडासाची. गाडीला बाहेरच्या अंगाने एक झाकण असतं, ते उघडलं की आत साधारण १८ लिटरची चपटी प्लॅस्टिकची पेटी. तिकडे तिला कॅसेट म्हणतात. दोन माणसांची ती दोन-तीन दिवसांत भरते. भरली की कुणीतरी ती ओढून काढायची, डम्प स्टेशनपर्यंत न्यायची, ओतायची, विसळायची, निळं औषध घालून परत बसवायची. हे ‘कुणीतरी’ म्हणजे आपणच, हे मुलीने गाडी बुक करताना सांगितलं नव्हतं. “बाबा, आत सगळी सोय आहे,” एवढंच म्हणाली होती.

सोय होती, खोटं कशाला बोलू. सात मीटर लांबीत ओटा, फ्रिज, पलंग, न्हाणीघर. एक जण उभा राहिला की दुसऱ्याने बसायचं, हा नियम मला नवा नव्हता. वाड्यातल्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसं याच नियमावर वाढलो. गाडी निघण्याआधी प्रत्येक कपाटाची कडी लावायची, हा मात्र नवा होता. तो आम्ही ख्राइस्टचर्चच्या पहिल्याच गोल चौकात शिकलो. भाजणीचा डबा कपाटातून निघाला तो थेट नवऱ्याच्या मानेवर. ही भाजणी विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे मी रीतसर जाहीर करून, वास देऊन सोडवून आणली होती. (न सांगता खाण्याचे पदार्थ नेले तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. मेतकूट म्हणजे काय, हे इंग्रजीत सांगून पाहा एकदा.)

गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे नवरा निर्धास्त होता. पण तिथले पूल एकपदरी. पाटीवर दोन बाण असतात, आणि आपल्या बाजूचा बाण लहान, लाल असला की आपण थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. हास्ट नदीवरचा असा पूल ७०० मीटरांहून लांब आहे. त्याच्या तोंडाशी आम्ही थांबलो, तर पलीकडचाही थांबलेला. बाण त्याच्या बाजूने होता की आमच्या, यावर आमचं अजून एकमत नाही. पुण्यात पंचवीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला कुणी आपल्यासाठी थांबलंय हे कळायलाच वेळ लागतो.

गाडीवर हिरवं वॉरंट, म्हणजे एक प्रकारचा परवाना, चिकटवलेलं होतं. सहसा ते असेल तरच कॅम्पिंगच्या मैदानाबाहेर, जिथे परवानगी आहे तिथे, फुकट मुक्काम करता येतो. २०२३च्या कायद्याने त्यासाठी संडास गाडीत पक्का बसवलेला लागतो. सीटखालून काढायचा हलता डबा चालत नाही. शिवाय तीन दिवस बाहेरून पाणी न घेता आणि बाहेर काही न सोडता राहता आलं पाहिजे. हिशोब धरलाय माणशी दिवसाला ४ लिटर पाण्याचा. चार लिटर! आमच्याकडे एवढं पाणी भाजी धुण्यात जातं. आमच्या टाकीत सुदैवाने बरंच जास्त मावत होतं, तरी तिसऱ्या दिवशी मी टोपातलं तांदूळ धुतलेलं पाणी ताटं विसळायला ठेवू लागले. मोरीत गेलेलं पाणीही गाडीखालच्या टाकीतच बसलेलं असतं आणि वळणावर डचमळतं, ते ऐकू येतं. पोह्यांची ताटं धुतलेलं पाणी आपल्याबरोबर आओराकीच्या पायथ्याशी, ३७२४ मीटरच्या त्या शिखराचं दर्शन घ्यायला आलेलं असतं.

पहिली पेटी मी काढली. नवऱ्याची कंबर नेमकी त्याच सकाळी धरली होती. डम्प स्टेशनवर माझ्या पुढे सत्तरीचे एक गृहस्थ, अर्ध्या चड्डीत, पेटी चाकांवर ओढत शीळ घालत आले. त्यांनी मला दाखवलं: हवेचं बटण दाबून ठेवायचं, नाहीतर उडतं. मग हात धुऊन म्हणाले, आज हवा छान आहे. होतीच छान.

मला एकदम आजोळचा वाडा आठवला. तिथे टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून सकाळी एक बाई यायची, आणि आम्हा मुलांना तिकडे फिरकायचं नाही असा दम असायचा. ती डोक्यावरून काय नेते ते आम्हाला माहीत होतं. तिचं नाव माहीत नव्हतं. या कामावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, आणि २०१३ साली पुन्हा नवा करावा लागला. हातमोजे काढता काढता मी हे नवऱ्याला सांगितलं. तो ‘हं’ म्हणाला आणि बराच वेळ गाडी चालवत राहिला. तीन दिवसांनी सकाळी उठले तर पेटी जागेवर नाही, नवराही नाही. कंबरेचं पुन्हा नाव निघालं नाही.

पुढे तर तो त्यात रमलाच. औषध किती घालायचं, कोणत्या गावातलं स्टेशन चांगलं, हे तो वहीत लिहू लागला. आर्थर्स पासला एक किआ, तो हिरवा डोंगरी पोपट, आमच्या खिडकीचं रबर चोचीने उपटत होता. मी धावले कॅमेरा आणायला, आणि हा धावला पेटीच्या झाकणाचं रबर शाबूत आहे का बघायला.

गाडी परत करायच्या सकाळी आम्ही ख्राइस्टचर्चच्या हॉलिडे पार्कमध्ये शेवटची पेटी रिकामी करायला गेलो. तिथे एक तरुण जोडपं उभं होतं, गाडी नवीकोरी, दोघांमध्ये पेटी, आणि दोघंही तिच्याकडे न बघता पाटी वाचत होते. आमची पेटी खाली ठेवून नवरा त्यांच्याकडे गेला. “फर्स्ट टाइम?” त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाह्या सरसावल्या. आता अर्धा तास तरी तो येत नाही हे ओळखून मी आत जाऊन चहा टाकला.