पॅकेट गळाले नाही, टाकी वाहिली

अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेच्या स्काडा यंत्रणेची, म्हणजे टाक्या आणि पंप दुरून पाहणाऱ्या-चालवणाऱ्या संगणक यंत्रणेची देखभाल माझ्याकडे होती, तेव्हाची ही गोष्ट. मे महिन्यातल्या एका पहाटे पावणेपाचला गावच्या वॉलमनचा फोन आला. "साहेब, टाकी कवाची वाहून राह्यली, तुमचा पंप बंद काहून नाही होत?" मी लगेच नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरला विचारले, तर त्याच्या पडद्यावर पातळी २.६ मीटर दिसत होती आणि टाकी भरायला अजून बराच अवकाश आहे, असे तो अगदी खात्रीने सांगत होता. पंप हातानेच बंद करायला सांगून मी गाडी काढली.

हा सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे नळाला पाणी येणारा दिवस लोक बोटावर मोजून ठेवतात. टाकीखाली पोहोचलो तेव्हा काळ्या मातीचा असा चिखल झाला होता की एक चप्पल तिथेच रुतून राहिली, आणि ती काढताना भोवती जमलेल्या बायका काही न बोलता माझ्याकडे पाहत होत्या.

टाकीवर पातळी मोजून कक्षाला कळवणारे आरटीयू हे उपकरण, एक राउटर आणि नियंत्रण कक्षापर्यंत १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ हजार बिट) रेडिओ दुवा, एवढीच मांडणी होती. तांब्याची केबल चोरीला गेल्यानंतर त्याच राउटरवर चार कॅमेरे जोडले गेले होते, आणि हालचाल टिपली की ते चित्रफीत कक्षाकडे पाठवीत. लॅपटॉप जोडून मी आधी आकडेवारी पाहिली. माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जाते; दुवा मोकळा होईपर्यंत ती राउटरमध्ये रांगेत थांबतात आणि रांग भरली की पुढची गळतात. बाहेर जाणाऱ्या रांगेत गळालेली पॅकेटे: शून्य. हे शून्य माझेच होते. पंधरा दिवसांपूर्वी हाच आकडा हजारांत चढलेला पाहून मी रांगेची मर्यादा ४० पॅकेटांवरून २५६ वर नेली होती आणि दुवा सुधारल्याचे अहवालात लिहूनही दिले होते.

कक्षातून आरटीयूला पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी छोटी विचारणा, करायला लावले, तर उत्तर नाही. दुवा तुटला म्हणावे, तर रेडिओचा सिग्नल उत्तम होता. मग सहज म्हणून पिंगची वाट पाहण्याची मुदत ४ सेकंदांवरून ३० सेकंदांवर न्यायला सांगितले आणि उत्तरे येऊ लागली, प्रत्येक सुमारे १६ हजार मिलिसेकंदांनी. पॅकेट हरवत नव्हते; ते रांगेत उभे होते.

तिथेच बॉनेटवर कागद ठेवून हिशेब केला. टीसीपीने, म्हणजे पोच घेत माल पाठवण्याच्या पद्धतीने, पाठवणारा प्रत्येक कॅमेरा पोच मिळेपर्यंत जास्तीत जास्त ६४ केबी माल वाटेत ठेवतो. चौघांचा मिळून सुमारे १७५ पॅकेटांचा होतो. २५६ च्या बफरमध्ये, म्हणजे रांगेच्या जागेत, तो सगळा मावतो, म्हणून काहीच गळत नाही, आणि काहीच गळत नाही म्हणून वेग कमी करायला हवा हे कॅमेऱ्यांना कळतही नाही. एवढा माल १२८ केबीपीएसने उपसायला १६ सेकंद लागतात. कक्ष आरटीयूला पातळी विचारतो ती मॉडबस या भाषेत, आणि त्या विचारणेची मुदत होती ५ सेकंद. जुन्या ४० च्या रांगेत वाईटात वाईट उशीर पावणेचार सेकंदांचा होता. काम रडतखडत चालत होते, पण चालत होते. मी केलेल्या सुधारणेनंतर पातळीचे प्रत्येक उत्तर मुदत संपल्यावर पोहोचत होते आणि फेकून दिले जात होते. पडद्याने शेवटचा चांगला आकडा तसाच धरून ठेवला आणि पंपाच्या स्वयंचलित तर्काने त्यावर विश्वास ठेवला. शिळा आकडा वेगळ्या रंगात दाखवायची साधी सोयसुद्धा आम्ही चालू केलेली नव्हती, याचा मला आजही राग येतो.

बफर मोठा तितका चांगला, ही समजूत फाइल पोहोचवण्यापुरती ठीक असेल. नियंत्रणाच्या जाळ्यात १६ सेकंदांपूर्वीची पातळी पोहोचवण्यापेक्षा ती टाकून देऊन ताजी विचारलेली बरी. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात आणि त्यावरच्या कोडेल पद्धतीत पॅकेट किती आहेत यापेक्षा ते रांगेत किती वेळ थांबले हे पाहिले जाते, हे मी वाचलेले होते. आमच्या जुन्या राउटरवर ती सोय नव्हती. म्हणून ५०२ क्रमांकाच्या पोर्टवरील मॉडबसला स्वतंत्र, प्राधान्याची छोटी रांग दिली, कॅमेऱ्यांना ६४ केबीपीएसची मर्यादा घालून त्यांची रांग ८ पॅकेटांवर आणली, आणि दुव्यावरील पॅकेटची कमाल लांबी १५०० बाइटवरून ५७६ केली. या शेवटच्या बदलाची गरज चटकन लक्षात येत नाही. प्राधान्य असले तरी दुव्यावर चढलेले मोठे पॅकेट मध्येच थांबवता येत नाही, आणि त्याच्यामागे ९४ मिलिसेकंद जात होते ते आता ३६ झाले.

सोबतच्या कनिष्ठ सहकाऱ्याने कॅमेऱ्यांच्या रांगेत गळालेल्या पॅकेटांचा आकडा पुन्हा चढताना पाहिला आणि घाबरून मला दाखवला. तो चढू दे, म्हणालो.

दुपारी बाराला ऊन मी म्हणत असताना पंप पुन्हा सुरू केला. वॉलमन टाकीच्या बाहेरच्या पट्टीवर सरकणाऱ्या काट्याकडे डोळ्यांवर हात धरून पाहत होता. कक्षातून फोनवर ३.९६ सांगितले गेले. "चारले दोन बोटं कमी," तो खालून ओरडला.