लिव्हरपूलचं राहून गेलेलं कॅथेड्रल

लिव्हरपूलला आपली माणसं जातात ती बीटल्ससाठी, नाहीतर ॲनफिल्डच्या फुटबॉलसाठी. मी मुद्दाम गेले ते एडविन ल्युटेन्सने आखलेलं आणि कधीच पुरं न झालेलं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, बघायला. दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्याने आखलं, तोच हा ल्युटेन्स. तिकडचं काम हातावेगळं होतंय तोवर इकडे कॅथलिक आर्चबिशप रिचर्ड डाउनी यांनी त्याला बोलावलं, आणि ५ जून १९३३ ला पायाभरणी झाली.

या कॅथेड्रलचं लाकडी मॉडेल नदीकाठच्या म्युझियम ऑफ लिव्हरपूलमध्ये आहे. माणसापेक्षा उंच! कमानीत कमान, तिच्यात आणखी कमान, आणि सगळ्यांच्या वर तो घुमट. त्याचा व्यास १६८ फूट ठरला होता, म्हणजे रोमच्या सेंट पीटर्सपेक्षाही मोठा. मॉडेलभोवती मी कितीतरी वेळ फिरत राहिले. गंमत म्हणजे याच किनाऱ्यावर वास्तुकार विल ऑल्सपची 'क्लाउड' नावाची इमारतही व्हायची होती. २००२ मध्ये तिची निवड झाली, २००४ मध्ये बेत रद्द झाला.

तिथून चढ चढून ब्राउनलो हिलवर आले. इथे पूर्वी वर्कहाउस होतं. निराधारांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणारी ही संस्था देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. आयर्लंडच्या दुष्काळात बोटी भरभरून माणसं लिव्हरपूलला उतरली आणि त्यातली कितीतरी इथेच येऊन पडली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या व्यवस्थेत शिकलेली ॲग्नेस जोन्स १८६५ मध्ये इथल्या इस्पितळात आली. तोवर आजाऱ्यांची सेवा तिथल्याच गरीब बायकांवर सोपवलेली असायची. तिने शिकलेल्या परिचारिका आणल्या, वॉर्डांना शिस्त लावली आणि १८६८ मध्ये टायफसच्या तापाने गेली. वयाची चाळिशीही गाठली नाही. शहरात एवढे सरदार-व्यापाऱ्यांचे पुतळे बघितले, पण या बाईपुढे मला ते सगळे फिके वाटले.

वर्कहाउस पाडून त्याच जमिनीवर कॅथेड्रल उभारायचं ठरलं. वर्गणी दिली ती मुख्यतः गोदीत राबणाऱ्या गरीब कॅथलिक कुटुंबांनी, पेनी-पेनीने. मग युद्ध आलं, १९४१ मध्ये काम थांबलं, १९४४ मध्ये ल्युटेन्स वारला. खर्चाचा तीस लाख पौंडांचा अंदाज युद्धानंतर दोन कोटी सत्तर लाखांवर गेला. झालं ते फक्त तळघर, म्हणजे क्रिप्ट.

पण काय तळघर आहे! पायऱ्या उतरून आत गेले तर गडद विटांचे अजस्र खांब, वर विटांच्याच कमानी, मध्ये फिकट ग्रॅनाइटचे पट्टे. विटांच्या सांध्यांवरून हात फिरवला. इतकं रेखीव काम, आणि तेही जमिनीखाली. एका चॅपलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाच्या, दाराशी संगमरवराची गोल शिळा आहे, येशूच्या कबरीवरच्या शिळेची आठवण देणारी. ती बाजूला सरकवावी लागते. युद्धात बॉम्ब पडत असताना माणसं याच कमानींखाली आसऱ्याला येत.

या तळघराच्या छपराला लागूनच आजचं कॅथेड्रल उभं आहे. वास्तुकार फ्रेडरिक गिबर्डचं, गोल, काँक्रीटचं, डोक्यावर काचेचा मुकुट. आराखड्यांच्या स्पर्धेची अट होती की जमलेल्या सगळ्यांना वेदी दिसली पाहिजे. १४ मे १९६७ ला ते खुलं झालं. घाईने, कमी पैशांत बांधल्यामुळे पुढे छत गळू लागलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. तरीही मला ते मनापासून आवडलं. जॉन पायपर आणि पॅट्रिक रेंटियन्सच्या रंगीत काचांतून निळा-लाल उजेड बाकांवर पडतो, आणि शेवटच्या रांगेतला माणूसही वेदीपासून दूर राहत नाही. पेनी-पेनी देणाऱ्यांसाठी हेच योग्य होतं असं मला वाटतं. ल्युटेन्सच्या घुमटाखाली ती माणसं मुंगीएवढी दिसली असती.

त्याच १९६७ मध्ये ओल्ड हॉल स्ट्रीटवरच्या कॉटन एक्स्चेंजचा, म्हणजे कापूसबाजाराच्या इमारतीचा, १९०६ सालचा देखणा दर्शनी भाग पाडला गेला. मुंबईकरांना याची चुटपुट लागायला हवी. अमेरिकेच्या यादवी युद्धात आपला कापूस याच बंदरात उतरला आणि इथल्या भावांवर मुंबईत लोक लखपती झाले, युद्ध संपताच बुडालेही. आता त्या जागी आहे ती साधी ऑफिसची इमारत. मी पाच मिनिटांत पुढे निघाले.

जाणार असाल तर क्रिप्टसाठी वेगळा वेळ राखून ठेवा. नंतर होप स्ट्रीटने सरळ चालत जा. दुसऱ्या टोकाला अँग्लिकन, म्हणजे कॅथलिकांपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चचं, कॅथेड्रल लागतं. त्याचा वास्तुकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट निवड झाली तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता, शिवाय स्वतः कॅथलिक. १९०४ मध्ये सुरू झालेलं ते काम १९७८ मध्ये पुरं झालं. इंग्लंडचा लाल टेलिफोन बॉक्सही त्याचाच, आणि तो एक आत ठेवलेला आहे.